पोर नागरिक, आई हद्दपार

एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेनं लुईझियानातून दोन आयांना होंडुरासला हाकललं. सोबत गेलेली तीन पोरं अमेरिकेतच जन्मलेली, म्हणजे जन्मानं नागरिक. त्यातलं एक चार वर्षांचं, कॅन्सर झालेलं. औषधाविना गेलं, असं वकील सांगतात. सरकार म्हणतं, आयांनीच पोरं बरोबर नेली. वा रे न्याय! पोर सोड नाहीतर पोराला घेऊन चालती हो, आणि वर म्हणायचं तिचीच मर्जी!

ही नागरिकता कुणाची मेहेरबानी नाही. १८५७ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं ड्रेड स्कॉट या गुलामाला सुनावलं, काळा माणूस नागरिक होऊच शकत नाही. मग यादवी युद्धात रक्ताचे पाट वाहिले, तेव्हा कुठं १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आली. इथं जन्मला तो इथला. गोदीत आम्ही रोज बघतो, कागद चोख असले की पेटीला कुणी अडवत नाही. या पोरांचे कागद चोखच होते.

आता कायद्याचा कावा बघा. आईबापासाठी अर्ज करायला पोरगं २१ वर्षांचं लागतं. तोवर त्याला दूध कोण पाजणार, घटना? दुसरी वाट १९९६ च्या कायद्याची. आईबाप दहा वर्षं तिथं राहिलेले हवेत, वर पोराचे हाल अगदी असामान्य होतील हे जज्जापुढं सिद्ध करायचं. आई गेली म्हणून रात्रभर रडलं, तर ते सामान्य! त्यातही वर्षाला सूट फार तर चार हजारांना. हालांचाही कोटा.

आईला विमानात बसवण्याआधी पोराची बाजू कोर्टात वेगळी ऐका. त्याला त्याचा वकील द्या, सरकारच्या खर्चानं. आणि पोर दुखण्यात असेल तर आईला हातच लावायचा नाही.