दोन किलोंमागे सव्वातीन किलो

ब्रॉयलर कोंबडीचा हिशेब खाद्यापासूनच सुरू होतो. एकूण खर्चात खाद्याचा वाटा साधारण 65 ते 70 टक्के. पिल्लू, लस, औषध, वीज, मजुरी हे सगळे उरलेल्यात. खाद्यात निम्म्याहून जास्त मका आणि त्याखालोखाल सोयाबीनची पेंड. 2021 मध्ये सोयाबीन भडकले तेव्हा केंद्र सरकारला 12 लाख टन पेंडीच्या आयातीला परवानगी द्यावी लागली. आता मक्याला इथेनॉलचे नवे गिऱ्हाईक मिळाले आहे. मका पिकवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळतात ते रास्तच, पण त्याच गावातल्या पोल्ट्रीवाल्याच्या पोटात तेव्हा गोळा येतो.

किती किलो खाद्यात एक किलो वजन भरले, या आकड्याला एफसीआर म्हणतात. तो 1.65 असेल तर दोन किलोंच्या पक्ष्याने सव्वातीन किलोंहून थोडे अधिक खाद्य खाल्लेले असते. हाच आकडा 1.75 झाला, तर पाच हजार पक्ष्यांच्या बॅचला एक टन, म्हणजे 50 किलोंच्या वीस गोण्या जास्त लागतात. शेडमध्ये फिरणाऱ्याला हा फरक दिसत नाही. पक्षी तेवढेच, वजनही तेवढेच.

महाराष्ट्रात बरेच शेतकरी करारावर पक्षी वाढवतात. पिल्ले, खाद्य, औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी, भाताचे तूस आणि राबणे शेतकऱ्याचे. बॅच उचलली की किलोमागे ठरलेले संगोपन शुल्क मिळते. कंपनीने धरलेल्यापेक्षा उत्पादनखर्च कमी आला तर वर बक्षीस, जास्त आला तर कपात. खाद्य विकत घ्यावे लागत नाही म्हणून त्याची झळ लागत नाही, असे मानणाऱ्याला हिशेबाचा कागद हातात पडल्यावर कळते.

बॅचचे नशीब पहिल्या आठवड्यातच बरेचसे ठरते. एक दिवसाच्या पिल्लाला 32 ते 34 अंशांची ऊब लागते. पिल्ले ब्रूडरखाली एकमेकांवर चढू लागली की थंडी आहे, कडेला पळून चोच उघडून बसली की ऊब जास्त झाली. थर्मामीटरपेक्षा जुना पोल्ट्रीवाला यावरच विसंबतो. हिवाळ्यात त्यासाठी गॅस किंवा कोळसा जळतो आणि रात्री पडदे वरखाली करायला कुणाला तरी उठावे लागते. घरच्या माणसाची ही जागरणे वहीत कोणी मांडत नाही.

मरतूक चार-पाच टक्के धरलेलीच असते, मात्र पक्षी मेला कधी यावर तोट्याचा आकडा ठरतो. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लासोबत मूठभर खाद्य जाते. एप्रिलच्या दुपारी वीज गेली आणि पंखे, फॉगर थांबले, तर पाचव्या आठवड्यातला पक्षी अडीच-तीन किलो खाद्य पोटात घालून मरतो. म्हणून छतावर पाचट आणि पाण्याचे फवारे.

स्वतःच्या हिमतीवर पक्षी पाळणाऱ्याला बाजारभावाचीही धास्ती असते. श्रावणात मागणी पडते, ते निदान आधी माहीत असते. 2006 मध्ये नवापूरला बर्ड फ्लू आला किंवा 2020 च्या सुरुवातीला चिकनमधून कोरोना होतो अशी अफवा उठली, तेव्हा तयार पक्षी रोज खात राहिले आणि गिऱ्हाईक फिरकेना.

पक्षी गेले की खाली उरलेल्या तुसाचे कोंबडखत होते. द्राक्ष-डाळिंबवाले ते घेऊन जातात. जमेच्या बाजूला तेवढीच भर. मग शेड धुऊन, चुना मारून दोन आठवडे रिकामी ठेवावी लागते. बँकेचा हप्ता त्या दोन आठवड्यांचाही असतो.