कुंपणच शेत खाते तेव्हा



गावोगावच्या बैठकीत पिकापाण्याचे बोलणे संपले की गप्पा कुठल्या कुठे जातात. परवा एका तरुणाने विचारले, ‘‘साहेब, व्हेनेझुएलाच्या जमिनीखाली म्हणे जगात सर्वांत जास्त तेल आहे. मग तिथली माणसे देश सोडून का पळाली?’’ एस.टी.ची वेळ झाली होती, म्हणून तेव्हा उत्तर अर्धे राहिले. आज पुरे करतो.

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचा हा देश आकाराने महाराष्ट्राच्या सुमारे तिप्पट. मका, भात, कॉफी पिकते, गुरांना मोठी कुरणे आहेत. एके काळी त्या खंडातल्या सधन देशांत त्याची गणना होत असे. पुढे तेलाचे भाव पडले, कर्ज वाढले, भ्रष्टाचार माजला. कंटाळलेल्या लोकांनी डिसेंबर १९९८ मध्ये ह्यूगो चावेझ या माजी लष्करी अधिकाऱ्याला निवडून दिले. तेलाचे भाव चढले तेव्हा त्यांनी गरिबांसाठी दवाखाने आणि स्वस्त धान्य सुरू केले, हे नाकारता येणार नाही.

पण त्याच काळात कुंपण एका माणसाच्या ताब्यात जाऊ लागले. २००२-०३ च्या संपानंतर सरकारी तेल कंपनीतून सुमारे १८,००० माणसे काढली. विहिरी राहिल्या, विहिरींचे जाणकार गेले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश २० वरून ३२ करून आपली माणसे बसवली.

आता शेतीकडे येऊ. २००३ पासून सरकारने अन्नधान्याचे भाव बांधून दिले. भाव खर्चाखाली गेल्यावर पेरणार कोण? तूट भरायला तेलाच्या पैशाने बाहेरून धान्य आणले. २०१० मध्ये बियाणे, खते, औषधे आणि उधारी पुरवणारी अ‍ॅग्रोइस्लेन्या ही जुनी खासगी कंपनी सरकारजमा झाली. नाव बदलले, पाट्या बदलल्या. पुढे शेतकऱ्याला वेळेवर बियाणे मिळेना. पेरणीची वाफ निघून गेल्यावर आलेले बियाणे काय कामाचे, हे तुम्हांला मी सांगायला नको.

त्याच वर्षीची एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. फ्रँकलिन ब्रिटो हा जीवशास्त्र शिकलेला शेतकरी होता. त्याच्या भागात कोनफळासारख्या कंदावर रोग आला. औषधावर मोठा खर्च करण्यापेक्षा रोगाला दाद न देणारी जात लावा, असे त्याने सुचवले. नगराध्यक्षाला ते रुचले नाही आणि आपल्यावर सूड उगवला गेला, असे त्याचे म्हणणे होते. सरकारने शेजाऱ्यांना जमिनीचे कागद दिले, त्यात त्याच्या जमिनीचा भाग गेला आणि शेतात जायची वाटही अडली. वाट अडली की शेतकऱ्याचे काय होते ते आपल्याला ठाऊक आहे. दाद मागून थकल्यावर तो उपोषणाला बसला, एकदा नव्हे, अनेकदा. शेवटी त्याला लष्करी रुग्णालयात नेऊन ठेवले. ३० ऑगस्ट २०१० रोजी तो तिथेच वारला. माझे उभे आयुष्य शेतकऱ्यांना सल्ला देण्यात गेले. योग्य सल्ला दिल्याची एवढी किंमत मोजलेला माणूस मी दुसरा ऐकलेला नाही.

मग परदेशी मित्र काय करत होते? क्युबाला रोज सुमारे एक लाख पिंपांपर्यंत तेल जाई; बदल्यात डॉक्टर आले, आणि लष्कराच्या हेरखात्याला सल्ला देणारेही आले. चीनने २००७ पासून ५० अब्ज डॉलरांहून अधिक कर्ज दिले, फेड तेलाने. उभ्या पिकावर उचल घेतल्यासारखेच ते! माल निघाला की सावकार दारात. रशियाने उधारीवर शस्त्रे दिली. मैत्री गादीशी होती, जनतेशी नव्हती.

२०१३ मध्ये चावेझ वारले, निकोलस मादुरो आले. २०१४ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि सारे उघडे पडले. २०१७ मध्ये माणसांचे वजन सरासरी ११ किलोंनी घटल्याचे तिथल्या विद्यापीठांच्या पाहणीत आढळले. २००८, २०१८ आणि २०२१ मध्ये मिळून चलनावरची १४ शून्ये पुसावी लागली. १९९८ साली रोज ३० लाख पिंपांहून अधिक तेल निघे. २०२० मध्ये ते सहा लाखांच्याही खाली गेले. अमेरिकेच्या निर्बंधांनी हाल वाढवले, हे खरे. पण घसरण त्याआधीच सुरू झाली होती. मे २०२० मध्ये तर तेलाच्या या धन्याने इराणहून जहाजे भरून पेट्रोल आणले. ट्रॅक्टरला डिझेल मिळेना. सत्तर लाखांहून अधिक माणसे देश सोडून गेली.

त्या तरुणाला माझे उत्तर एवढेच, की जमीन नापीक झाली नव्हती आणि तेलही आटले नव्हते. ‘हे चुकते आहे’ म्हणणारा माणूस आधी गेला, बाकीचे मागाहून गेले. आपल्या सोसायटीच्या सभेत कोणी उठून हिशेब विचारला, तर त्याला लगेच खाली बसवू नका. तो चुकत असेल, तरी पुरते ऐका.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दल बोलू. तोवर रामराम.