रात्रीचे विमान, पण कुठल्या रात्रीचे?

टेंभुर्णीहून मुंबईचा विमानतळ तीनशे किलोमीटरच्या वर. १५ तारखेला ००.४० वाजता दुबईचे विमान असेल, तर १४ तारखेला दुपारीच गाडीत बसायला हवे. तिकिटावर मात्र ठळक १५ छापलेले. त्या हिशेबाने मंडळी १५ला दुपारी हातावर दही घेऊन निघतात, तेव्हा विमान दुबईत उतरूनही बराच वेळ झालेला असतो.

यावर हसणे सोपे आहे. पण आपला वार सूर्योदयाला बदलतो. 'शनिवारी रात्री एक वाजता' म्हटले की गावात शनिवार मावळल्यानंतरचीच रात्र समजतात. संगणक मात्र शुक्रवारची रात्र धरतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेस सोलापूरहून रात्री सुटून पुण्याला पोचेपर्यंत तारीख पालटते, तिथेही हाच घोळ. त्यात परदेशी विमाने नेमकी आडवेळेला. फ्रँकफर्टने २०११पासून रात्री ११ ते पहाटे ५ विमानांना दार बंद केले आहे. तिथे सकाळी उतरायचे तर मुंबईहून मध्यरात्रीनंतरच उडावे लागते. सोय त्यांची, जागरण आपले.

पंढरपूर इथून तासाभरावर. पहाटे दशमीचा वेध असला की एकादशी दोन दिवशी येते, आणि कॅलेंडरवाला एका चौकोनात स्मार्त, दुसऱ्यात भागवत असे स्वच्छ छापतो. कुठल्या दिवशी उपास धरायचा हे वारकऱ्याला कुणाला विचारावे लागत नाही. विमान कंपन्यांना एवढेही जमू नये? परतीच्या तिकिटावर तर कोपऱ्यात बारीक '+१' असतो. दुबईहून रात्री १०ला निघालेला मुलगा मुंबईत अडीचला, म्हणजे दुसऱ्या तारखेला उतरतो, आणि त्याला आणायला टेंभुर्णीहून निघालेली गाडी एक रात्र आधीच येऊन थांबलेली असते.

तिकीट काढल्यावर ठरावीक मुदतीत ते फुकट रद्द करण्याची सवलत नियमात आहे. पण ही चूक उमगते विमानतळाच्या दारात. मुदत कधीच उलटलेली असते. 'शनिवार-रविवारमधली रात्र, विमानतळावर शनिवारी रात्री पोचा' ही एक ओळ छापायला खर्च काय? पॉवर बँक कुठल्या बॅगेत ठेवावी हे चारचारदा बजावणाऱ्या कंपन्यांना ती सुचत नाही. 'नो शो' प्रवाशाचे भाडे बहुतेक बुडतेच, आणि त्याला नवे तिकीट चढ्या दराने विकता येते. तेव्हा सुचण्याची घाई तरी कुणाला असणार?