इंग्रजीचें घरगुती वाचन : ‘जरा चिकट’

इंग्रजी वाक्प्रचाराचा अर्थ कोशांत पाहिला, कीं आमचे तरुण वाचक निश्चिंत होतात. पण बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हें ध्यानांत घेतल्यावांचून त्या अर्थाचा भरंवसा धरतां येत नाहीं. कोरियाच्या युद्धांतील एक दारुण प्रसंग पाहा.

१९५१ च्या एप्रिलांत इमजिन नदीकाठीं ब्रिगेडियर ब्रोडी यांच्या इंग्रज ब्रिगेडवर चिनी सैन्य लोटलें. ग्लॉस्टरशायर रेजिमेंटची पहिली पलटण एका टेकडीवर पुरती वेढली गेली. वरिष्ठ अमेरिकन सेनापतीनें परिस्थिति विचारली, तेव्हां ब्रोडी म्हणाले, ‘अ बिट स्टिकी’, अशी हकीकत सांगतात. शब्दशः अर्थ, ‘जरा चिकट’! संकट जितकें मोठें तितका शब्द धाकटा, ही जुन्या इंग्रज शिपाईगड्याची रीत. तिच्याप्रमाणें ‘गांठ प्राणाशीं आहे’ असाच याचा अर्थ. अमेरिकन सेनापतीनें मात्र ‘अडचण आहे, पण निभेल’ असें घेतलें, आणि पलटणीस वेळींच माघारीचा हुकूम मिळाला नाहीं. त्या पलटणीचे पांचशेंहून अधिक लोक कैद झाले. सारा दोष एका शब्दावर लादणें न्यायाचें नव्हे, कारण कुमक पोंचविण्याचे प्रयत्नही फसले होते. तथापि त्या शब्दानें घात केला नाहीं, असेंही म्हणवत नाहीं.

आपल्या घरांत तरी काय होतें? कधीं न कुरकुरणारे आजोबा ‘आज जरा बरें वाटत नाहीं’ म्हणाले, कीं सूनबाई तत्काळ डॉक्टरांकडे माणूस धाडतात. पाहुणा मात्र ‘विश्रांति घ्या’ म्हणून चहा पिऊन जातो.