आधी कामशेत, मग हिमालय!

ऑक्टोबर जवळ आला की ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक नवीन टोळी दिसायला लागते. यांच्या फोनमध्ये वाऱ्याची ॲप्स, तोंडात 'विंग', 'थर्मल' असले शब्द आणि डेस्कटॉपवर बीर-बिलिंगचा फोटो. रजा मंजूर, तिकिटं बुक, आता फक्त उडायचं बाकी! सही आहे बॉस. पण उडता येतं का?

प्रश्न खवचट नाहीये. हिमाचलमधल्या बिलिंगचा टेक-ऑफ साधारण २४०० मीटरवर आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१६४६ मीटर) डोक्यावर आणखी साडेसातशे मीटर! मागे धौलाधारच्या रांगा, खाली कांगडा खोरं. २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगचा वर्ल्ड कप इथे झाला, तो काही उगाच नाही. टँडेम घेतलीत तर मागे बसलेला पायलट सगळं सांभाळतो, तुम्ही फक्त ओरडायचं. पण एकट्यानं उडायचं तर आधी शाळा करावी लागते. ती आपल्या जवळच आहे. पुणे-लोणावळा लोकल पकडा आणि कामशेतला उतरा.

पहिल्याच सकाळी आकाशात जायची स्वप्नं असतील तर जरा थांबा. आधी ग्राउंड हँडलिंग. पंख जमिनीवर पसरायचा, दोऱ्यांचा गुंता सोडवायचा, वाऱ्यात तो डोक्यावर उभा करायचा आणि तिथेच टिकवायचा. पॅराग्लायडरला सांगाडा नसतो. पुढच्या कडेच्या तोंडांतून हवा आत शिरते, कप्पे फुगतात आणि कापडाचा पंख होतो. हवा गेली की पुन्हा नुसतं कापड! जिमवाल्यांना वाटतं, ताकद लावली की झालं. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात आधी जमलं ते एका किडकिडीत अकाउंटंट मुलीला. ती ओढत नव्हती, पंख जाईल तिकडे आपण सरकत होती.

मग छोट्या उतारावरून उड्या. कानात वॉकी-टॉकीवर इन्स्ट्रक्टरचा आवाज, पाय सुटले तरी धावत राहा! त्यानंतर वाऱ्याच्या दिशेप्रमाणे शिंदेवाडी किंवा टॉवर हिल. वारा टेकडीला धडकतो, वर चढतो आणि त्या पट्ट्यात ये-जा करत राहिलं की तुम्ही तरंगत राहता. वळायचं मात्र नेहमी टेकडीपासून बाहेरच्या बाजूला.

आणि एक मोठा विषय म्हणजे थांबणं. साध्या पंखाचा वेग ताशी ३५ ते ४० किलोमीटर. समोरून तेवढाच वारा आला की तुम्ही हवेत जागच्या जागी, जास्त आला की मागे, टेकडीच्या पाठीशी. तिथे वारा भोवऱ्यासारखा फिरतो आणि पंख मिटू शकतो. म्हणून वारा चढला की सगळे गुपचूप चहा पीत बसतात. याला चक्क नाव आहे, 'पॅरावेटिंग'!

आता खरा पेच. आमच्याच बॅचमधल्या एका आयटीवाल्या मित्रानं कोर्सच्या आधीच बीरची तिकिटं काढली होती. कोर्स संपला, चार-पाच छान फ्लाइट्स झाल्या आणि इन्स्ट्रक्टरनं सांगितलं, "बिलिंगहून सोलो नाही. अजून नाही." साहेबांचा चेहरा पडला. "सर, तिकिटं नॉन-रिफंडेबल आहेत!" त्यावर उत्तर आलं, "मग जा की. फक्त एकटा उडू नकोस."

कारण साधं आहे. कामशेतचा संध्याकाळचा वारा बऱ्याचदा सरळ आणि शांत असतो. हिमालयात उन्हानं तापलेल्या उतारांवरून थर्मल सुटतात. गरम हवेच्या त्या खांबात गोल-गोल फिरत वर चढायचं, तेही आजूबाजूला इतर पायलट फिरत असताना. पंखाचा एखादा कोपरा मिटला तर विचार न करता हात बरोबर हलायला हवेत. हे चार वीकेंडमध्ये अंगात भिनत नाही.

मित्र गेला. दोनदा टँडेम उडाला. दुसऱ्या वेळी पायलटनं थर्मलमध्ये ब्रेक्स त्याच्या हातात दिले. सकाळी टेक-ऑफवर बसून इतरांचे टेक-ऑफ पाहिले. परतला तो चिडून नाही, भुकेला होऊन! तेव्हापासून दर शनिवारी तो कामशेतला असतो.

तुमचाही प्लॅन असेल तर बुकिंगआधी एवढं बघाच. इन्स्ट्रक्टरचं सर्टिफिकेट मागा, त्यात लाजायचं काही नाही. हार्नेसमध्ये रिझर्व्ह पॅराशूट आहे का आणि ते शेवटचं कधी उघडून पुन्हा घडी केलं, ते विचारा. इन्शुरन्स पॉलिसी नीट वाचा, कारण बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. पावसाळ्यात, १५ जुलै ते १५ सप्टेंबर, हिमाचलमध्ये उड्डाणबंदी असते, तेव्हाची 'स्वस्त ऑफर' दिसली तर सरळ पुढे चला.

आणि रजा टाकताना क्रम लक्षात ठेवा. आधी इन्स्ट्रक्टरचा होकार, मग बॉसचा!