ड्रायर चालतोय, पण कपडे सुकत का नाहीत?

पावसाळ्यात दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस ओले राहतात, म्हणून तुम्ही हौसेने ड्रायर घेतला. पहिलं वर्ष झकास गेलं. आता मात्र तासाभराचं काम दोन तासांवर गेलं आहे. टॉवेल काढावा तर कडा ओलसर, जीन्सचे खिसे गार, मुलांच्या गणवेशाला कुबट वास. मग पुन्हा बटण दाबायचं आणि विजेच्या बिलाची काळजी करत बसायचं.

तुमच्या घरी असं होत असेल तर लगेच मेकॅनिकला बोलावू नका आणि नवीन मशीनच्या किमतीही बघायला लागू नका. बऱ्याचदा मशीन ठणठणीत असतं. ड्रायर तीन कामं करतो. तो हवा गरम करतो, कपडे उलटेपालटे करत त्यातून ती हवा फिरवतो आणि ओली झालेली हवा किंवा तिच्यातलं पाणी बाहेर काढतो. कपडे सुकले नाहीत की आपण पहिल्या कामावर संशय घेतो, 'हीटर गेला असेल' म्हणतो. खोट मात्र बहुतेक वेळा तिसऱ्या कामात असते. म्हणून एकच प्रश्न मनात धरा : कपड्यातलं पाणी निघून जातंय कुठे? त्याचा माग काढत गेलात तर दोष आपोआप सापडेल.

तुमचा ड्रायर कोणत्या प्रकारचा?

आपल्याकडे 'ड्रायर' हा शब्द निरनिराळ्या यंत्रांसाठी वापरतात. सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधल्या पिळणाऱ्या टबलाही आपण ड्रायरच म्हणतो. पण तो कपडे फक्त गरगर फिरवून पाणी झटकतो. त्यात हीटर नसतो. त्यातून कपडे दमटच निघणार, तो त्याचा दोष नव्हे.

कपडे खऱ्या अर्थाने सुकवणारी यंत्रं चार प्रकारची. पहिला व्हेंटेड ड्रायर. तो ओली गरम हवा पाइपातून बाहेर टाकतो. दुसरा कंडेन्सर ड्रायर. तो हवेतल्या वाफेचं पाणी करून टाकीत साठवतो. तिसरा हीट पंपवाला, जो कमी तापमानात पण जवळपास निम्म्या विजेत काम करतो. चौथं वॉशर-ड्रायर, म्हणजे धुणं आणि सुकवणं एकाच ड्रममध्ये. तुमच्याकडचं यंत्र कोणतं, ते माहितीपुस्तिकेत किंवा मशीनच्या मागच्या पट्टीवर बघून घ्या. पुढचे उपाय त्यावर अवलंबून आहेत.

कपडे नीट पिळले गेलेत का?

शोध ड्रायरपासून नव्हे, वॉशिंग मशीनपासून सुरू करा. ४ किलो सुती कपडे ८०० आरपीएमवर पिळले तर त्यांच्यात साधारण पावणेतीन लिटर पाणी उरतं. तेच १२०० आरपीएमवर पिळले तर दोन लिटरच्या आसपास. हीटरवर चालणाऱ्या ड्रायरला एक लिटर पाण्याची वाफ करायला किमान ०.६ युनिट वीज लागते आणि प्रत्यक्षात त्याहून जास्तच. जे पाणी वॉशिंग मशीन पाच-दहा मिनिटांत झटकून टाकतं, तेच काढायला ड्रायर कितीतरी जास्त वीज आणि वेळ खातो.

ताडून बघणं सोपं आहे. कोरडे कपडे बादलीत भरून वजनकाट्यावर ठेवा. धुऊन पिळून झाले की पुन्हा वजन करा. बादलीचं वजन वजा केल्यावर ४ किलोच्या कपड्यांचं वजन सहा-साडेसहा किलो भरलं तर ठीक. सात किलोच्या पुढे गेलं तर पिळण्यातच गडबड आहे. नाजूक कपड्यांचा प्रोग्रॅम लागलाय का? त्यात पिळण्याचा वेग मुद्दाम कमी असतो. साबणाचा फेस राहतोय का? जास्त पावडर घातली की फेसामुळे पाणी नीट निथळत नाही. एकटंच जाड पांघरूण टाकलंय का? तोल जातो म्हणून मशीन वेग वाढवतच नाही. त्यासोबत दोन-तीन टॉवेल टाका. शिवाय मशीनच्या खालच्या कोपऱ्यातला पंपाचा फिल्टर उघडून नाणी, हेअरपिन, धागे काढा. उघडण्याआधी खाली ताट आणि फडकं ठेवायला विसरू नका.

सेमी-ऑटोमॅटिक असेल तर टबमध्ये कपडे सगळीकडे सारखे दाबून बसवा, वर प्लॅस्टिकचं झाकण ठेवा आणि सांडपाण्याची नळी जमिनीलगत आहे ना, ते बघा. नळी उंचावर टांगली असेल तर पाणी टबातच रेंगाळतं.

ड्रममध्ये कपडे कोंबू नका

धुताना जेवढे कपडे मावतात तेवढेच सुकवताना मावतील असं समजू नका. कपडे वर उचलले जाऊन मोकळे खाली पडले तरच त्यांच्यातून हवा जाते. ड्रम निम्म्याहून थोडाच जास्त भरा. वॉशर-ड्रायरमध्ये तर हा फरक लिहिलेलाच असतो, उदाहरणार्थ धुण्यासाठी ८ किलो आणि सुकवण्यासाठी ५ किलो. धुणं झाल्यावर तीन किलो कपडे बाहेर काढणं भाग आहे. ते न काढता सुकवणी लावली तर मशीन तासन्‌तास फिरत राहतं.

सुती टॉवेल आणि सिंथेटिक कुर्ते एकत्र टाकू नका. कुर्ते वाळतात, टॉवेल ओलेच राहतात. चादरीच्या पोटात मोजे, रुमाल शिरून गोळा होतो आणि आतला भाग शेवटपर्यंत भिजलेला राहतो. म्हणून अधूनमधून मशीन थांबवून चादर झटका. उशीच्या अभ्र्यांची आणि ड्युवे कव्हरची बटणं आधीच लावून घ्या.

जाळीवरची लव

प्रत्येक वेळी कपड्यांतून बारीक तंतू निघतात आणि फिल्टरच्या जाळीवर त्यांची मऊ लव साठते. ती दर वेळी काढायची. आठवड्यातून एकदा असं नाही, दर वेळी. ही जाळी बंद झाली की हवा फिरायचीच थांबते, मग हीटर कितीही तापला तरी उपयोग नाही.

जाळी दिसायला स्वच्छ असूनही बुजलेली असू शकते. फॅब्रिक कंडिशनरचा चिकट, पारदर्शक थर तिच्यावर बसतो. जाळी काढून नळाखाली धरा. पाणी सरळ खाली गेलं तर उत्तम. थेंब जाळीवर तरंगत राहिले तर कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश घेऊन ती हळुवार घासा. पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

हाच थर ड्रमच्या आत, दाराजवळ असलेल्या दोन धातूच्या पट्ट्यांवरही बसतो. या पट्ट्या कपड्यांचा ओलावा मोजतात. त्या मळल्या की मशीनचा अंदाज चुकतो आणि ते कपडे ओले असतानाच थांबतं. फडक्याला थोडं पांढरं व्हिनेगर लावून पट्ट्या पुसा. 'मशीन लवकर थांबतं' ही तक्रार अनेकदा एवढ्यानेच मिटते.

ओल बाहेर पडतेय की घरातच फिरतेय?

व्हेंटेड ड्रायर असेल तर मागचा पाइप बघा. जागा वाचवायला मशीन भिंतीला टेकवून ठेवलं की पाइप चेपला जातो. पाइप साधारण चार इंच व्यासाचा, शक्य तितका आखूड आणि कमी वळणांचा हवा. त्याचं बाहेरचं तोंडही तपासा. तिथली झडप लवेने चिकटलेली असते, नाहीतर कबुतरांनी काड्या आणून ठेवलेल्या असतात. मशीन चालू असताना बाहेरच्या तोंडाशी हात धरा. गरम, दमट हवेचा जोरदार झोत लागला पाहिजे. नुसती फुंकर जाणवत असेल तर मशीन बंद करून, प्लग काढून पाइप पूर्ण साफ करा. वर्षातून एकदा तरी हे करायलाच हवं.

फ्लॅटमध्ये आणखी एक गोष्ट सर्रास दिसते. पाइप बाहेर काढायला जागा नाही म्हणून तो जोडलेलाच नसतो आणि ड्रायर बंद बाथरूममध्ये चालतो. कपड्यातलं दोन लिटर पाणी वाफ होऊन त्याच खोलीत कोंडतं आणि ड्रायर तीच दमट हवा पुन्हा आत ओढतो. मुंबई, मंगळुरू, कोची, गुवाहाटी अशा मुळातच दमट गावांत तर विचारूच नका. भिंतीला बुरशी धरते ती वेगळीच. पाइप खिडकीतून बाहेर काढा. तेवढी सोय होईपर्यंत निदान खिडकी उघडी आणि एक्झॉस्ट फॅन चालू ठेवा.

कंडेन्सर ड्रायरमध्ये पाण्याची टाकी दर वेळी रिकामी करा. खालच्या झडपेमागचा कंडेन्सर बाहेर निघत असेल तर महिन्यातून एकदा तो नळाखाली धुवा. मशीन कपाटात किंवा कोंदट कोपऱ्यात बंद करून ठेवू नका. त्याला सभोवती थंड हवा मिळाली तरच वाफेचं पाणी होतं. हीट पंपवाल्या मशीनच्या पातळ पत्र्यांवरची धूळ मऊ ब्रशने वरून खाली झाडा, आडवा ब्रश फिरवला तर पत्रे वाकतात. आणि लक्षात ठेवा, हीट पंपला सुती कपड्यांसाठी दोन-तीन तास लागणं हा बिघाड नाही, तो त्याचा स्वभावच आहे.

वॉशर-ड्रायरवाल्यांनी नळ तपासावा. यातली बरीच मशीन्स वाफ थंड करायला सुकवतानाही गार पाणी घेतात. धुणं झालं म्हणून तुम्ही नळ बंद केलात किंवा सोसायटीचं पाणी दुपारी गेलं, तर सुकवणी अडकते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापलेलं असतं, तेव्हाही वेळ वाढतो. अशा दिवसांत पहाटे मशीन लावा.

आता विजेकडे बघा

इथपर्यंत सगळं ठीक असेल तरच हीटरवर संशय घ्या. मशीन दहा मिनिटं चालवून दार उघडा. ड्रम आणि कपडे कोमटसुद्धा लागत नसतील तर हीटर, थर्मोस्टॅट किंवा सुरक्षेचा फ्यूज गेलेला असू शकतो. हे काम मेकॅनिकचंच.

कोमट आहे पण पुरेसं गरम नाही, असं असेल तर घरातलं व्होल्टेज तपासून घ्या. २३० व्होल्टऐवजी १९० व्होल्ट मिळत असतील तर हीटरची उष्णता जवळपास एक तृतीयांशाने घटते. संध्याकाळी सगळ्यांचे एसी, गिझर चालू असताना कपडे उशिरा सुकतात आणि दुपारी लवकर, असं होत असेल तर दोष मशीनचा नाही. ड्रायरला १६ अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट आणि अर्थिंग हवंच. एक्स्टेन्शन बोर्डवर तो कधीही लावू नका. प्लग हाताला गरम लागला किंवा जळका वास आला तर तिथेच मशीन बंद करा.

उशीर म्हणजे धोक्याची सूचना

कपडे हळू सुकणं ही नुसती गैरसोय नाही. कोंडलेली लव चटकन पेट घेते आणि हवा अडली की आतलं तापमान वाढतं. अमेरिकेत ड्रायर घरोघरी आहेत. तिथल्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालानुसार २००८ ते २०१० या काळात घरांमध्ये ड्रायरमुळे दर वर्षी अंदाजे २,९०० आगी लागल्या आणि साफसफाई न करणं हे त्यामागचं सर्वांत मोठं कारण होतं. म्हणून सुकायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला की 'चालतंय तोवर चालू दे' म्हणू नका.

बाळाच्या मालिशचे तेलकट पंचे, स्वयंपाकघरातली तेलाची फडकी, पेट्रोल किंवा थिनर लागलेले कपडे ड्रायरमध्ये टाकू नका. गरम कपड्यांच्या ढिगात तेल आतल्या आत तापत जाऊन पेटू शकतं. शेवटची थंड हवेची दहा मिनिटं कंटाळून रद्द करू नका. मशीन लावून बाहेर जाऊ नका किंवा झोपू नका.

एवढं करून बघा

पुढच्या धुण्याच्या दिवशी चार टॉवेल जास्तीत जास्त वेगावर पिळा, जाळी धुवा, पाइप किंवा टाकी साफ करा आणि फक्त तेवढेच टॉवेल सुकवायला लावा. किती वेळ लागला ते कागदावर लिहून मशीनच्या बाजूला चिकटवा. दर दोन-तीन महिन्यांनी त्याच चार टॉवेलांनी ताडून बघा. वेळ वाढलेला दिसला की साफसफाईची वेळ झाली. साफ करूनही वेळ कमी झाला नाही तर मेकॅनिकला बोलवा आणि तो कागद त्याला दाखवा. काय काय तपासून झालंय हे त्याला सांगता आलं की विनाकारण भाग बदलण्याचा खर्च टळेल.

आणि पाऊस उघडून लख्ख ऊन पडलं असेल, तर त्या दिवशी ड्रायरला सुट्टी द्या. दोरी आहेच.