केसपेपरवरचे ‘नाही’

केसपेपरवर ‘सवयी’ असा एक रकाना असतो. तो भरताना आपण दंतवैद्य बहुधा ठरलेला प्रश्न विचारतो, ‘सिगारेट, दारू वगैरे काही?’ समोरची पन्नाशीची बाई ‘नाही’ म्हणते आणि ती खोटे बोलत नसते. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची, सकाळी बोटावर घेऊन दातांवरून फिरवायची, याला तिच्या घरात व्यसन म्हणत नाहीत. दात घासणे म्हणतात. मग दाढ ठणकली की, दुपारी भूक मारायची असली की आणि रात्री अंथरुणावर पडण्याआधी तेच बोट पुन्हा हिरडीवर जाते, ही गोष्ट वेगळी. रकान्यात ‘नाही’ पडते, स्केलिंग होते, काळे डाग निघतात आणि मिशरीची डबी फळीवर जिथल्या तिथे राहते.

आपला प्रश्न सिगारेटच्या मापाने बेतलेला आहे, म्हणजेच आपल्या वर्गाच्या मापाने. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले धूम्रपान करणारे प्रौढ 3.8 टक्के होते आणि धूरविरहित तंबाखू वापरणारे 24.4 टक्के. या चोवीस टक्क्यांत मळलेली तंबाखू आहे, मिशरी आहे, मावा आहे, विदर्भातला खर्रा आहे. ती कुणाच्या तोंडात असते, हेही जुनेच माहीत आहे. नव्वदच्या दशकात मुंबईत पस्तिशीपुढच्या 99,598 लोकांची पाहणी झाली. तीत सुमारे 69 टक्के पुरुष आणि 57 टक्के स्त्रिया तंबाखू वापरत होत्या. स्त्रियांची तंबाखू जवळजवळ सगळी न ओढण्याची होती आणि शिक्षण जसे वाढत जाई तसे वापराचे प्रमाण उतरत जाई. श्रीमंतांच्या इमारती या पाहणीतून मुळातच वगळल्या होत्या, तरीही उतार इतका स्पष्ट दिसला.

हा उतार निसर्गनियम नव्हे. 1950 च्या सुमारास ब्रिटनमध्ये साहेब आणि मजूर दोघेही ओढत होते, पुरुषांत तरी वर्गाचा फरक नाममात्र होता. रिचर्ड डॉल आणि ब्रॅडफर्ड हिल यांनी 1951 मध्ये ब्रिटिश डॉक्टरांनाच प्रश्नावल्या पाठवून जो दीर्घ अभ्यास सुरू केला, त्याचे निष्कर्ष येऊ लागले तसे आधी डॉक्टरांनी सिगारेट सोडली, मग इतर सुशिक्षितांनी. आज तिथे अंगमेहनतीची कामे करणाऱ्यांत धूम्रपानाचे प्रमाण वरच्या पदांवरच्या लोकांच्या दुपटीहून अधिक आहे. माहिती सर्वांपर्यंत पोहोचली. तिचा उपयोग करून घेण्याची सवड मात्र सर्वांपाशी नव्हती. जो उपाय सगळा भार माणसाच्या निर्धारावर टाकतो, तो आधी त्यांच्याच कामी येतो ज्यांचे बाकीचे आयुष्य बऱ्यापैकी मार्गी लागलेले असते.

आपल्याकडे तर माहितीही अर्ध्या वाटेवर अडते. वेष्टनाचा 85 टक्के भाग व्यापणारे चित्र आणि 2018 पासून त्याच्यासोबत छापला जाणारा 1800-11-2356 हा मदतीचा क्रमांक, दोन्ही ज्याच्या हाती वेष्टन येते त्याच्यासाठी. खर्रा टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदात घासून मिळतो. त्यावर ना चित्र, ना क्रमांक, ना छापील किंमत. सुट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर महाराष्ट्राने 2020 मध्ये बंदी घातली, पण टपरीवर दोन मिनिटे उभे राहिले की तिचे काय झाले ते कळते. गुटख्यावरच्या 2012 च्या बंदीबद्दल तर न बोललेलेच बरे.

म्हणून किमतीकडे वळावे लागते. किंमत दहा टक्क्यांनी वाढली की श्रीमंत देशांत खप सुमारे चार टक्के घटतो, गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे पाच टक्के, असा जागतिक आरोग्य संघटनेचा ढोबळ हिशेब आहे. यावर नेहमीचा आक्षेप असा की हा कर गरिबाच्या खिशावर पडतो आणि त्याचा उरलासुरला विरंगुळाही हिरावतो. आक्षेप पोकळ नाही. पहाटे हमालीला जाणाऱ्याला चिमूटभर तंबाखू खरोखरच जाग देते, भूक लांबवते. तिला निव्वळ अज्ञान म्हणणे हा आपला उद्धटपणा आहे. पण किंमत वाढली की गरीबच जास्त संख्येने सोडतो किंवा कमी करतो आणि जबड्याच्या शस्त्रक्रियेचा, बुडालेल्या मजुरीचा खर्चही त्याच्याच घरावर येतो. गरिबाची काळजी असेल तर कराचा पैसा त्याच्या सुटकेसाठी खर्च करा, अशी मागणी व्हायला हवी. कर कमी करा, ही मागणी त्याची नव्हे. उलट झाले मात्र असे की, सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटसाठी 40 टक्क्यांचा दर ठरवला आणि बिडीचा 28 वरून 18 वर आणला. कारण म्हणून सोलापूरसारख्या गावांत घरोघर बिड्या वळणाऱ्या बायांचा रोजगार पुढे केला जातो. त्या बायांची चिंता खरी आहे, पण तिचे उत्तर वेगळ्या कामात आणि पेन्शनीत शोधायला हवे. दिवसभर तंबाखूची धूळ श्वासात घेणाऱ्या बाईच्या नावाने दुसऱ्या गरिबाची बिडी स्वस्त ठेवण्यात दोघांचेही भले नाही. आणि कबूल करायला हवे की घरच्या तव्यावरच्या मिशरीपर्यंत करही धडपणे पोहोचत नाही.

तिथे दवाखाना पोहोचू शकतो. ‘रांगेत माणसे असताना समुपदेशन कसे करायचे’ ही व्यवसायबंधूंची तक्रार असते. तीन मिनिटांहून कमी वेळाच्या स्पष्ट सल्ल्यानेही सोडणाऱ्यांचे प्रमाण वाढते, हे अनेक अभ्यासांतून दिसले आहे. 2016-17 च्या त्याच सर्वेक्षणात देशभरात डॉक्टरकडे गेलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी 48.8 टक्क्यांना सोडण्याचा सल्ला मिळाला होता. तंबाखू खाणाऱ्यांपैकी फक्त 31.7 टक्क्यांना. जिची खूण थेट आपल्या आरशात दिसते, तिच्याबद्दलच आपण गप्प. बरे, सल्ला दिला तर पुढे काय? निकोटिन गमची पट्टी रोजंदारीवाल्याला पुडीपेक्षा महाग पडते. शिवाय सबम्युकस फायब्रोसिसने ज्याचे तोंड दोन बोटेही उघडत नाही, त्याला ‘चघळा आणि गालात धरून ठेवा’ सांगणे ही थट्टा होते. त्याला पॅच लागतो आणि तो फुकट मिळायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेने निकोटिनची ही औषधे 2009 मध्येच अत्यावश्यक यादीत घेतली. दंतमहाविद्यालयांतल्या तंबाखूमुक्ती केंद्रांत ती किती नियमित असतात, हे प्रत्येक विभागप्रमुखाने आपले कपाट उघडून पाहावे.

खासगी दवाखान्यात निदान रकाना बदलता येईल. ‘सवयी’ खोडून तिथे दोन प्रश्न छापावेत: ‘दात कशाने घासता?’ आणि ‘तोंडात काय धरता?’ पुढची तारीख बाजाराच्या दिवशीची द्यावी, म्हणजे त्या बाईची मजुरी बुडणार नाही. ती आली की दात पाहण्याआधी डबीची चौकशी करावी.